कोल्हापुरात कावा विकायचाय? आधी परवानग्यांचा रस्ता पाहून घ्या

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला शिकायला गेलेली आपली पोरं सुट्टीवर येताना हल्ली कावा नावाची एक राखाडी पूड घेऊन येतात. पाण्यात कालवून, कापडातून गाळून प्यायची. चव मातकट, जीभ जराशी बधिर होते, अंग सैल पडतं, पण दारूसारखी झिंग नाही. दोन घोट झाले की कुणीतरी म्हणतंच, "भावा, रंकाळ्यावर याचा काउंटर टाकला तर नाद खुळा चालेल!"

चालेलही. पण राजारामपुरीतल्या आमच्या सरबताच्या दुकानासाठी मी ही सगळी चौकशी केली आहे, फाईल लावली आहे, टेबलं पालथी घातली आहेत. त्यावरून सरळ सांगते: आजच्या घडीला दुकानात कावा कालवून पेल्याने विकता येत नाही. मंजुरीचा रस्ता आहे, पण तो लांब आहे, दिल्लीतून जातो आणि मधल्या कुठल्या वळणावर सुरुवात करायची हेच बहुतेकांना कळत नाही. म्हणून हे टप्पे.

१. पिशवीत नेमकं काय आहे ते आधी ठरवा

कावा म्हणजे पायपर मेथिस्टिकम हे झुडूप. आपली मिरी, पिंपळी आणि विड्याचं पान याच कुळातलं. वानुआतू, फिजी, टोंगा, सामोआ ही त्याची गावं. प्यायला वापरतात ती मुळं आणि मुळाजवळचं जमिनीतलं खोड, पानं नाहीत. फिजीत गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या भारतीय मजुरांची नातवंडं-पतवंडंही लाकडी भांड्याभोवती बसून तो पितात. परिणाम घडवतात ते त्यातले 'कावालॅक्टोन' नावाचे घटक.

बाजारात मात्र 'कावा' या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी मिळतात:

- सुकी मुळी किंवा तिची पूड
- मुळीचा रस काढून, वाळवून केलेली झटपट विरघळणारी पूड
- अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने काढलेला अर्क, बहुधा कॅप्सूलमध्ये
- डब्यातलं किंवा बाटलीतलं तयार पेय

कायद्याच्या नजरेत या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला कृषी खात्याची वनस्पती तपासणी लागू होते, तिसरी औषधाच्या सीमेवर उभी असते, आणि चौथीत आणखी काय मिसळलंय ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अमेरिकेतून येणाऱ्या काही तयार पेयांत काव्याबरोबर क्रॅटम असतं. क्रॅटम ही पूर्णपणे वेगळी वनस्पती. तिच्यातल्या मिट्रागायनिनचा परिणाम अफूच्या वर्गातल्या औषधांच्या वाटेने होतो आणि तिची सवय लागते. डब्यावर मोठ्या अक्षरात 'कावा' आणि मागे छोट्या अक्षरात हे नाव दिसलं, तर त्या मालाचा विचारच सोडा.

दुसरी तपासणी जातीची. 'नोबल' जाती रोज पिण्याच्या परंपरेतल्या. 'टूडे' जातींचा अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. वानुआतूने २००२ च्या कावा कायद्यात निर्यातीसाठी नोबल जातींचाच आग्रह धरला. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळा अहवाल मागा. त्यात जात, झाडाचा भाग, कावालॅक्टोनचं प्रमाण, जड धातू आणि जंतू तपासणी हे सगळं हवं. "आमचा माल ओरिजिनल आहे" एवढंच उत्तर आलं तर दुसरा पुरवठादार बघा.

२. 'बंदी आहे का?' हा प्रश्न सोडून द्या

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

कुणालाही विचारा, पहिला प्रश्न हाच येतो: भारतात काव्यावर बंदी आहे का? उत्तर शोधायला गेलं की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या सूचीत काव्याचं नाव सापडत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदाही आडवा येत नाही, कारण काव्यात अल्कोहोल नाही. तो आंबवत नाहीत, नुसता पाण्यात कालवतात. मग लोक खूश होतात. "बंदी नाही म्हणजे चालतंय की!"

नाही चालत. अन्नाचा कायदा उलट बाजूने लिहिलेला आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम २२ काढून वाचा. ज्या अन्नासाठी मानक ठरलेलं नाही, असं नवं अन्न नियमांत सांगितलेल्या रीतीशिवाय बनवायचं नाही, विकायचं नाही, आयातही करायचं नाही. पेयांच्या मानकांत फळांचे रस आहेत, सरबतं आहेत, कार्बोनेटेड पेयं आहेत, कॅफिनयुक्त पेयं आहेत. काव्याच्या पेयाचं मानक नाही. म्हणजे विचारायचा प्रश्न 'बंदी आहे का' हा नसून 'परवानगी कुठल्या कागदाने मिळाली आहे' हा आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आला तर तोही हेच विचारणार.

इथे सल्ला देणारे खूप भेटतात. त्यांच्या ठरलेल्या पळवाटा आणि त्या कुठे अडकतात ते असं:

*"प्रोप्रायटरी फूड म्हणून टाकू या."* हे सगळ्यात जास्त वेळा ऐकाल. प्रोप्रायटरी फूड म्हणजे मानक नसलेला पदार्थ, पण त्यातले घटक मात्र नियमांत आधीच मान्य असलेलेच हवेत. आलं, लिंबू, गूळ, कोकम यांचं तुमचं स्वतःचं मिश्रण त्यात बसेल. घटकच नवा असेल तर नाही.

*"होमिओपॅथीच्या दुकानात मिळतंय की!"* मिळतं, 'पायपर मेथिस्टिकम' याच नावाने, थेंबांत. पण ते १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचं औषध आहे. अन्नाच्या व्याख्येतून औषध मुळातच वगळलेलं आहे. त्या बाटलीच्या जोरावर पेला विकता येत नाही, आणि ती बाटली पेल्यात ओतली तर दोन्ही कायद्यांत अडकाल.

*"आयुर्वेदिक म्हणू."* आयुर्वेद आहारासाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. ते मान्यताप्राप्त ग्रंथांतल्या पाककृतींवर उभे आहेत. पॅसिफिक बेटांवरचं झुडूप त्यात कुठून येणार?

*"न्यूट्रास्युटिकलच्या (पूरक पोषणाच्या पदार्थांच्या) यादीत बघू."* हे मात्र जरूर बघा, पण नीट. त्या नियमांना जोडलेली वनस्पतींची यादी असते. तिच्यात शास्त्रीय नाव, वापरायचा भाग आणि प्रमाण दिलेलं असतं. तिन्ही जुळायला हवेत आणि यादी ताजी हवी. तरीही लक्षात ठेवा, ती यादी मोजून घ्यायच्या पूरक आहारासाठी आहे. एखादी वनस्पती तिच्यात असली म्हणून ती कॅफेतल्या पेल्यात चालते असं होत नाही.

*"विकणार नाही, फुकट चाखायला देऊ. नाहीतर गाण्याच्या कार्यक्रमाला तिकीट लावू आणि कावा तसाच वाटू."* अन्न व्यवसायाची कायद्यातली व्याख्या 'नफ्यासाठी असो वा नसो' अशी आहे. विक्रीच्या व्याख्येत विक्रीसाठी मांडणं आणि विक्रीसाठी बाळगणंही येतं. तिकिटाची आयडिया भारी वाटते, पण कोल्हापुरात ती आधी कुणी वापरून पाहिली नसेल असं समजू नका. अधिकारी मुरलेले आहेत.

आणखी एक. देशभर बंदी नसली तरी राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्ताला कलम ३० खाली जनहितासाठी एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालता येते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरची बंदी याच कलमाने दरवर्षी पुढे चालली आहे. उद्या काव्याच्या नावाने कुणी आजारी पडलं, तर हे हत्यार तयारच आहे.

३. परदेशातल्या परवानग्यांचं वजन ओळखा

मंजुरीच्या अर्जात इतर देशांतली स्थिती लिहावी लागते. पुरवठादार फक्त गोड बाजू पाठवतात. दोन्ही बाजू तुम्हीच मांडा, कारण तपासणारे तज्ज्ञ त्या शोधणारच आहेत.

जर्मनीने यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींनंतर २००२ मध्ये कावा असलेल्या औषधांचे परवाने काढून घेतले. २०१४ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. २०१९ च्या अखेरीस परवाने पुन्हा गेले. ब्रिटनने २००३ पासून अन्नात कावा विकायला मनाई केली. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने मार्च २००२ मध्ये यकृताच्या धोक्याची सूचना काढली. तिथे कावा पूरक आहार म्हणून विकला जातो, पण नेहमीच्या खाद्यपेयांत तो सर्वमान्य सुरक्षित घटक नाही असं त्याच खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लिहून ठेवलं. उलट हवाई राज्याच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२४ मध्ये पारंपरिक पद्धतीने पाण्यात केलेला कावा सुरक्षित मानला.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आपल्याला सगळ्यात उपयोगी. २००७ पासून तिथे व्यापारी आयात जवळपास बंद होती. डिसेंबर २०१९ मध्ये प्रौढ प्रवाशाला सोबत आणायची मर्यादा २ किलोवरून ४ किलो झाली, आणि डिसेंबर २०२१ पासून व्यापारी आयात प्रायोगिक तत्त्वावर खुली झाली. त्यांच्या मानकात फक्त मुळी चालते, पाणी थंडच हवं, सेंद्रिय द्रावक वापरायचा नाही, आणि पाकिटावर 'माफक प्रमाणात घ्या' व 'गुंगी येऊ शकते' या सूचना लागतात. तरीही नॉर्दर्न टेरिटरीत वेगळे, कडक नियम आहेत. भाचा मेलबर्नमध्ये सुपरमार्केटातून घेतो म्हणून तो सगळ्या ऑस्ट्रेलियात मोकळा आहे असंही नाही, मग आपल्याकडे तर दूरच.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये पाण्यात कालवून पिण्याच्या काव्याचं मानक स्वीकारलं. पुरवठादार ते अभिमानाने पाठवतील. ते प्रादेशिक मानक आहे, उत्तर अमेरिका आणि नैर्ऋत्य पॅसिफिकपुरतं. भारताला ते लागू नाही, पण अर्जाला जोडायला चांगला कागद आहे. त्याच्या जोडीला अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये काढलेला काव्याच्या सुरक्षिततेचा आढावाही लावा.

सापळा: पाकिटावर 'एफडीए रजिस्टर्ड फॅसिलिटी' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ कारखान्याची अमेरिकेत नोंद आहे, एवढाच. पदार्थाला मंजुरी मिळाली असा नाही. आणि आपण कोल्हापुरात 'एफडीए' म्हणतो ते राज्याचं अन्न व औषध प्रशासन; त्याचा त्या छापाशी काही संबंध नाही.

४. स्वतःसाठी आणणं आणि दुकानासाठी आणणं यांची गल्लत नको

प्रवासात थोडी बंद पाकिटातली पूड स्वतःसाठी आणणं आणि विक्रीसाठी माल आणणं, यांत कायद्याने फरक आहे. पाकीट कंपनीचं, सीलबंद आणि घटक लिहिलेलं असावं. विमानतळावरच्या जाहीरनाम्यात वनस्पती, बिया, लागवडीचं साहित्य असा रकाना असतो. ओली मुळी किंवा रोपाचं कांडं तर अजिबात लपवून आणू नका. "गगनबावड्याच्या पावसात कावा लागेल" असं म्हणणारा एक तरी बागायतदार प्रत्येकाच्या ओळखीत असतो. लागवडीसाठी जिवंत कांडी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली आधी आयात परवाना लागतो.

कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून वस्तू सोडवून घेण्याची सवलत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती उरली आहे. बाकी सगळ्याला पूर्ण शुल्क भरावं लागतं, आणि शुल्क भरलं तरी अन्नाची तपासणी चुकत नाही.

आणि वैयक्तिक वापराचं पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवलेलं सापडलं, तर ते वैयक्तिक राहत नाही.

५. मंजुरीचा अर्ज

खरा रस्ता हा. २०१७ चे 'नॉन-स्पेसिफाइड फूड', म्हणजे मानक न ठरलेल्या अन्नाच्या मंजुरीचे नियम आहेत. अर्ज कोल्हापूरच्या कार्यालयात नाही, थेट एफएसएसएआयकडे (केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण), त्यांच्या 'ई-पास' या ऑनलाइन प्रणालीवर करायचा. जिल्ह्यातला सहायक आयुक्त (अन्न) ही मंजुरी देऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्या केबिनबाहेर बसून उपयोग नाही. मात्र एकदा भेटून "आम्ही असा अर्ज करतोय, तोपर्यंत विकत नाही" असं सांगून ठेवावं. पुढे तपासणी झाली तर ओळख उपयोगी पडते, आणि वशिल्यापेक्षा स्वच्छ ओळख बरी.

अर्जाबरोबर साधारण हे कागद तयार ठेवा:

- पदार्थाचं नाव, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, मूळ देश
- पूर्ण घटकयादी आणि प्रत्येकाचं प्रमाण
- बनवण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने. द्रावक वापरला असेल तर त्याचं नाव आणि शिल्लक प्रमाण
- कोणी, किती आणि किती वेळा प्यायचं
- इतर देशांतला वापराचा इतिहास आणि तिथली कायदेशीर स्थिती
- सुरक्षिततेचे अभ्यास: विषारीपणा, यकृतावरचा परिणाम, औषधांबरोबरचा परिणाम
- मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल
- प्रस्तावित लेबलचा नमुना
- कंपनीची नोंदणी, पॅन, अधिकारपत्र

शुल्क भरण्याआधी पोर्टलवरचा चालू दर पाहा. एकदा भरलं की ते परत मिळेल असं धरून चालू नका. प्रयोगशाळा निवडताना "एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) आहे का" एवढं विचारून भागत नाही. एफएसएसएआयने अधिसूचित केलेली हवी, आणि कावालॅक्टोनची चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत हवी. नुसत्या जंतू तपासणीचा कागद लावला तर त्रुटीचं पत्र हमखास येतं.

यकृताच्या प्रश्नावर अर्ज अडणार हे गृहीत धरा. तो दडवण्यापेक्षा स्वतःहून मांडा: कुठल्या तक्रारी कुठल्या प्रकारच्या मालाबद्दल होत्या, त्यांतले किती अर्क द्रावकाने काढलेले होते, आणि तुमचा माल कसा वेगळा आहे. हे काम सीएचं किंवा परवाना एजंटचं नाही. अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या माणसाकडून लिहून घ्या. आपल्या शिवाजी विद्यापीठातच त्या विषयाचा विभाग आहे, तिथून शिकलेली मुलं गावात आहेत.

मंजुरी मिळण्याआधी गाळा भाड्याने घेऊ नका. दुकानदारी करणाऱ्याला हे सांगायला नको खरं तर, पण 'आधी जागा अडवू, कागद मागून येतील' ही आपली जुनी खोड.

६. आयात

मंजुरी हातात आल्यावरच. अन्न आयात करणाऱ्याला उलाढाल कितीही छोटी असो, केंद्रीय परवानाच लागतो. त्याआधी डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालय) आयात-निर्यात कोड काढा. माल बहुधा न्हावा शेवा किंवा मुंबई विमानतळावर उतरेल, तिथे सीएचए, म्हणजे कस्टममधून माल सोडवणारा एजंट, लागेल. कोल्हापूरचे निर्यातदार ज्याला वापरतात तोच घेऊ नका. अन्नाची आयात रोज करणारा शोधा.

बंदरावर कागद तपासतात, माल पाहतात, नमुना प्रयोगशाळेत जातो. लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी. माल उतरेल तेव्हा त्याच्या टिकाऊ मुदतीचे ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं. सुक्या मुळीला मूळ देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणि नमुना नापास झाला तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं, दोन्ही तुमच्या खर्चाने. शिवाय गोदामाचं भाडं रोज चढत राहतं. म्हणून पहिली खेप छोटी मागवा.

७. कोल्हापुरातले परवाने

हे त्यातल्या त्यात सोपं. एफएसएसएआयचं परवाना-नोंदणीचं 'फॉसकॉस' पोर्टल, महापालिकेचा व्यवसाय परवाना, शॉप अ‍ॅक्ट (वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना), आणि लागू असेल तर जीएसटी. उचगाव, पाचगावसारख्या हद्दीबाहेरच्या गावांत महापालिकेऐवजी ग्रामपंचायत.

एक गाठ मात्र इथे आहे. साध्या सरबताच्या दुकानाला उलाढालीनुसार नोंदणी किंवा राज्य परवाना पुरतो. पण देशात पहिल्यांदाच येणारा घटक वापरून पदार्थ बनवायचा असेल, तर परवाना नियमांप्रमाणे प्रकरण केंद्रीय परवान्याकडे जातं. आधीची नोंदणी आहे म्हणून त्यावरच कावा सुरू करता येत नाही. फॉसकॉसवर पदार्थाचा गट निवडताना एजंट 'इतर पेये' असं काहीतरी टाकून देतो आणि नंबर येतोही. तो चौदा आकडी नंबर तुमच्या दुकानाचा असतो, काव्याचा नव्हे. परवान्यात नसलेला पदार्थ विकला तर त्या नंबराचा आधार मिळत नाही.

इतर कागद: जागेचा पुरावा, पाण्याचा तपासणी अहवाल (बोअरचं पाणी असेल तर नक्कीच), कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, 'फॉस्टॅक' या अन्न सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला. बिलावर परवाना नंबर छापायला विसरू नका. २०२२ पासून ते सक्तीचं आहे.

८. लेबल, बोर्ड आणि इन्स्टाग्राम

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं. मराठी जरूर छापा, पण ती जोडीला. नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किंमत, वजन, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा नंबर लागतो.

नावात घसरू नका. 'कावा टी' असं लिहायचा मोह होतो. चहाच्या झाडापासून न बनलेल्या पेयाला 'टी' म्हणू नये, असं एफएसएसएआयने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाबद्दलही २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना पत्र गेलं आहे.

आता दावे. 'टेन्शन गायब', 'झोपेची गोळी सोडा', 'दारू सुटते' ही तीन वाक्यं काव्याच्या प्रत्येक जाहिरातीत असतात. तिसरं तर आपल्याकडे फारच खपेल, घरोघरी गिऱ्हाईक आहे. पण आजार बरा करण्याचा दावा केला की तुम्ही अन्नातून औषधात शिरता. फसव्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलला कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड आहे. इन्स्टाग्रामवरची रील हीसुद्धा जाहिरातच. ती पोराने बनवली, मी पाहिली नव्हती, हे उत्तर चालत नाही.

९. पिणाऱ्या माणसाची काळजी

मंजुरीत अटी येतीलच, पण त्या नसल्या तरी एवढं पाळा. यकृताचा त्रास असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणारे, आणि अठरा वर्षांखालची मुलं यांना द्यायचा नाही. दारू प्यायलेल्याला तर मुळीच नाही. दोन्हींचा भार यकृतावर आणि गुंगी दुप्पट. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी होऊन खवले निघतात, हेही ठाऊक असू द्या. प्यायल्यावर गाडी चालवू नये, असा बोर्ड काउंटरवरच लावा. रंकाळ्यावरून रात्री पन्हाळ्याला जायची टूम निघतेच.

असुरक्षित अन्नामुळे गंभीर इजा झाली तर कलम ५९ खाली सहा वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला तर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि दहा लाखांच्या खाली नसलेला दंड. म्हणून प्रत्येक खेपेचा नंबर, आल्याची तारीख आणि कुठल्या दिवशी वापरली याची वही ठेवा. तक्रार आली तर तीच वही वाचवते.

१०. मंजुरी येईपर्यंत काउंटरवर काय?

अर्ज लावून दुकान बंद ठेवणं कुणाला परवडतं! काव्याकडे येणारं गिऱ्हाईक खरं तर संध्याकाळी बसायला जागा आणि दारू नसलेलं काहीतरी 'मोठ्यांचं' पेय शोधत असतं. ते आजच्या नियमांत देता येतं: कोकम-आलं, सोलकढी, गवती चहाचा काढा, मिरी घातलेलं उसाचं सरबत. घटक सगळे मान्य. पेयाचं नाव तुमचं, पाककृती तुमची. बाटलीत भरून विकायचं असेल तर प्रोप्रायटरी फूडची वाट इथे खरोखर कामाला येते.

फक्त फलकावर 'काव्यासारखं', 'नशा नाही पण मजा आहे' असलं काही लिहू नका. त्या एका ओळीसाठी नमुना उचलला जातो. आणि नमुना उचलला तर घाबरून वाद घालू नका: पंचनाम्याची प्रत घ्या, सीलवरची सही तपासा, नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची मागणी त्याच वेळी लेखी द्या, आणि त्या दिवशीची खरेदीची बिलं वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.